विश्लेषण : वाचकांना उत्तरे दिली म्हणून दंड! स्त्री-आरोग्यावर मराठीत लिहिणारे र. धों. कर्वे कोण होते? डॉ. आंबेडकरांनी त्यांचा खटला का लढवला?

गर्भधारणा कशी होते, ती कशी टाळता येते, गुप्तरोग कशामुळे होतात, हे प्रश्न आज मोबाइलवर काही सेकंदांत शोधता येतात. शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसाला यांची सरळ उत्तरे मिळण्याची सोय जवळपास नव्हती. मुंबईतील गणिताच्या एका प्राध्यापकाने ती करायची ठरवली. त्यासाठी त्याने नोकरी गमावली, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, दंड भरला आणि तरीही २६ वर्षे मासिक चालवले. रघुनाथ धोंडो कर्वे यांची ही गोष्ट.

र. धों. कर्वे कोण होते?

रघुनाथ कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. वडिलांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. विधवांसाठी आश्रम, हिंगण्याची शिक्षणसंस्था, १९१६ मध्ये सुरू झालेले महिला विद्यापीठ आणि वयाच्या शंभरीत मिळालेले ‘भारतरत्न’ हा त्यांचा प्रवास शाळेच्या पुस्तकांतही आहे. मुलाचे नाव मात्र बराच काळ दबक्या आवाजात घेतले जात होते.

रघुनाथ अभ्यासात अतिशय हुशार होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली, गणित हा विषय शिकवायला सुरुवात केली आणि उच्च शिक्षणासाठी काही काळ पॅरिसलाही राहिले. त्यांना फ्रेंच चांगले येत असे. युरोपात लैंगिक शास्त्रावर आणि संततिनियमनावर जे लिहिले जात होते, ते मूळ पुस्तकांतून वाचण्याची वाट त्यांना त्यामुळे खुली झाली.

गणिताच्या प्राध्यापकाला हा विषय का महत्त्वाचा वाटला?

रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळात ही अपवादात्मक घटना नव्हती. अनेक घरांत पहिल्या बायकोच्या बाळंतपणातील मृत्यूनंतर दुसरे लग्न होई आणि पुन्हा बाळंतपणांची मालिका सुरू होई.

मुलगी वयात येण्याआधीच तिचे लग्न लागलेले असे. पहिले मूल कोवळ्या वयात, मग दर दीड-दोन वर्षांनी पुढचे. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातून होई. जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि अशक्तपणा यांनी बाई दगावली तर दैवाला दोष दिला जाई. या प्रश्नाचे आकारमान सरकारी कागदावर यायला बराच वेळ लागला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात ब्रिटिश भारतात गर्भारपण आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी वर्षाला सुमारे दोन लाख स्त्रिया मरण पावतात, असा अंदाज दिला आहे.

विधवेला शिक्षण मिळावे, तिला पुन्हा लग्न करता यावे, यासाठी वडिलांची पिढी झगडत होती. रघुनाथरावांनी प्रश्न त्याच्याही मागे नेला. लग्न झालेल्या, नवरा हयात असलेल्या, समाजाच्या नजरेत सुखी असलेल्या बाईचा तिच्या स्वतःच्या शरीरावर किती अधिकार आहे, हा त्यांचा मुद्दा होता. किती मुले व्हावीत आणि कधी, हे तिला ठरवता येत नसेल तर बाकीच्या सुधारणा अपुऱ्या राहतात, अशी त्यांची मांडणी होती. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला. लग्न झाले की वर्षभरात पाळणा हलला पाहिजे, अशी अपेक्षा असलेल्या समाजात हा निर्णय निभावणे सोपे नव्हते. विशेषतः मालतीबाईंसाठी.

१९२१ मध्ये नेमके काय सुरू झाले?

कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातील अशा प्रकारचे हे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी मार्च महिन्यात डॉ. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले होते. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या बरोबरीने चालत होती.

त्या काळी गर्भनिरोधक गोळ्या नव्हत्या. त्या बाजारात यायला अजून जवळपास चार दशके बाकी होती. उपलब्ध साधने म्हणजे पुरुषांसाठी निरोध, स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या मुखावर बसवायची रबरी टोपी आणि शुक्रजंतू मारणारी रसायने. यातली रबरी टोपी स्त्रीच्या हातात असलेले साधन होते, पण ते वापरायला शिकावे लागे. योग्य मापाची टोपी निवडायची, ती नेमकी कुठे बसवायची, संबंधानंतर किती तास काढायची नाही, धुऊन कशी ठेवायची, हे सगळे कुणीतरी समजावून सांगितल्याशिवाय ती वस्तू निरुपयोगी होती. समजावून सांगायचे तर आधी शरीराची रचना सांगावी लागे. गर्भाशय कुठे असते आणि गर्भ कसा राहतो, इथपासून सुरुवात.

नेमकी अडचण इथेच होती. ही माहिती मराठीत सहज वाचता येईल अशी जवळपास कुठेच उपलब्ध नव्हती. कर्वे यांनी १९२३ मध्ये संततिनियमनावर मराठी पुस्तक लिहिले. पुढे गुप्तरोगांपासून बचाव, आहारशास्त्र, वेश्याव्यवसाय अशा विषयांवर त्यांची पुस्तके आली. ‘आधुनिक कामशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक १९३४ चे. ‘राइट एजन्सी’ या नावाने ते स्वतःच प्रकाशनाचा व्याप सांभाळत.

नोकरी का गेली?

कर्वे तेव्हा मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत होते. ही मिशनऱ्यांची संस्था. संततिनियमन, गुप्तरोग आणि स्त्रीचे लैंगिक सुख यावर आपला एक प्राध्यापक जाहीरपणे बोलतो-लिहितो, हे व्यवस्थापनाला मान्य होणे शक्य नव्हते. त्यांना राजीनामा द्यावा लागला. नोकरी किंवा हे काम, यांपैकी एकच निवडायचे होते आणि त्यांनी काम निवडले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कर्वे यांना विरोध करणाऱ्यांत सनातनी हिंदू होते तसे ख्रिस्ती धर्मीयही होते, राजकारणी होते तसे समाजसुधारकही होते. स्त्रियांनी शिकावे असे मानणारे अनेक जण स्त्रीच्या शरीराबद्दल बोलायला मात्र तयार नव्हते.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये असे काय होते?

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. व्यक्तीच्या आणि समाजाच्या शारीरिक-मानसिक आरोग्याची चर्चा करणे हा मासिकाचा जाहीर हेतू होता. लेखन, संपादन आणि प्रकाशनाचा बहुतेक भार कर्वे स्वतः उचलत. मालतीबाईंची साथ होती. मासिकातून मोठी कमाई होणे शक्य नव्हते आणि झालीही नाही.

मुखपृष्ठावर अनेकदा नग्न स्त्रीचे चित्र असे. त्यावरून गदारोळ झाला. शरीरात लाज वाटण्यासारखे काही नाही, ही कर्वे यांची भूमिका होती. आत संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, विवाहसंस्था, अंधश्रद्धा, आहार अशा विषयांवर लेख असत. ‘शारदेची पत्रे’ हे स्त्रीच्या नावाने चालणारे सदरही होते.

पण वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग होता प्रश्नोत्तरांचा. लोक पत्राने आपली शंका कळवत आणि कर्वे अंकात तिचे उत्तर छापत. हस्तमैथुनाने शक्ती जाते का, वीर्यनाशाने आजार होतात का, बायकोला संबंधांत सुख का मिळत नाही, दोन मुलांत अंतर कसे ठेवायचे, अशा प्रकारच्या शंका. वैदूंच्या आणि जाहिरातबाज औषधविक्रेत्यांच्या धंद्याचा पाया असलेली भीती कर्वे या सदरातून खोडून काढत. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही आणि ब्रह्मचर्याने तेज येत नाही, हे ते न कंटाळता पुन्हा पुन्हा लिहीत राहिले.

भाषेची अडचण कोणती होती?

स्त्री-आरोग्याचे शिक्षण देताना आजही डॉक्टरांना आणि आशाताईंना जी अडचण येते, तीच कर्वे यांच्यासमोर होती. जननेंद्रियांसाठी मराठीत एक तर संस्कृत शब्द आहेत, जे सामान्य वाचकाला परके वाटतात. किंवा बोलीतले शब्द आहेत, जे शिवीसारखे वापरले जातात. मधला, रोजच्या वापरातला, लाज न वाटणारा शब्द सापडत नाही. मग बाई डॉक्टरांसमोर खाली दुखतंय किंवा अंगावरून जातंय, एवढेच सांगते आणि नेमका त्रास सांगायचा राहून जातो.

कर्वे यांनी यावर आडवळण घेतले नाही. अवयवाला त्याच्या नावाने संबोधायचे, क्रियेला तिच्या नावाने. वाक्ये छोटी, स्वर कोरडा, गणिताच्या सिद्धतेसारखी एकामागून एक पायरी. त्यांच्या लेखनात चाळवणारे काही शोधायला गेलेल्या वाचकाची निराशाच व्हावी, असा तो मजकूर असे. पण अश्लीलतेचा आरोप झाला तो याच सरळपणामुळे.

पहिला खटला कशावरून झाला?

१९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि १०० रुपये दंड केला. नोकरी नसलेल्या आणि स्वतःच्या हिमतीवर मासिक काढणाऱ्या माणसासाठी ही रक्कम लहान नव्हती. तरीही पुढचे अंक निघत राहिले आणि मजकुराचा सूरही बदलला नाही.

डॉ. आंबेडकर वकील म्हणून का उभे राहिले?

दुसरा खटला १९३४ चा. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्वे यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

त्या काळात आंबेडकरांवर कामाचा किती ताण होता, हे पाहिले की या निर्णयाचे वजन कळते. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि १९३२ चा पुणे करार मागे पडला होता. येवल्याची धर्मांतराची घोषणा दीड वर्षावर होती. अशा वेळी त्यांनी बदनाम मासिकाच्या बदनाम संपादकाचे वकीलपत्र घेतले.

आंबेडकरांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा पहिला मुद्दा. असे विकृत प्रश्न छापायचेच कशाला आणि त्यांना उत्तरे तरी का द्यायची, असा सूर न्यायालयात निघाला, तेव्हा त्यांनी दुसरा मुद्दा मांडला. प्रश्नात विकृती आहे असे धरले, तरी ती दूर करण्याचा मार्ग ज्ञान हाच आहे. वाचक अज्ञानातून विचारतो आणि जाणकार उत्तर देतो, यात गुन्हा कसला? त्यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या युरोपीय अभ्यासकांच्या संशोधनाचा आधार घेतला.

हा युक्तिवाद न्यायालयाने स्वीकारला नाही. कर्वे यांना पुन्हा दोषी ठरवून २०० रुपये दंड करण्यात आला.

आंबेडकरांचा या विषयाशी संबंध तिथे संपला नाही. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध करून द्याव्यात, असा ठराव त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. वारंवारच्या बाळंतपणांमुळे स्त्रीच्या आरोग्याची होणारी हानी हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. तो ठराव फेटाळला गेला.

गांधीजींशी मतभेद काय होते?

जास्त मुले नकोत, हे महात्मा गांधींनाही मान्य होते. पण त्यासाठी संयम हाच मार्ग त्यांना योग्य वाटत होता. कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी हे मत बदलले नाही.

कर्वे यांनी गांधीजींच्या या भूमिकेवर सातत्याने टीका केली. त्यांचा आक्षेप व्यवहाराच्या अंगाने समजून घेता येतो. संयमाचा उपाय नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. नवऱ्याने संयम पाळला नाही, तर त्याची किंमत बायको मोजते. साधन वापरायला मिळाले, तर निदान काही प्रमाणात निर्णय तिच्या हातात येतो. शिवाय कर्वे यांच्या मते लैंगिक सुख ही स्त्रीचीही नैसर्गिक गरज होती. मूल नको म्हणून तिने सुखही सोडावे, हा सल्ला त्यांना अन्यायाचा वाटत होता.

देशभर गांधीजींचा शब्द प्रमाण मानला जात असताना ही भूमिका घेतल्याने कर्वे आणखी एकटे पडले.

हे सगळे स्त्रियांपर्यंत पोहोचले का?

या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होकारार्थी देता येत नाही. १९३१ च्या जनगणनेनुसार भारतातील स्त्रियांची साक्षरता ३ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे ज्यांच्यासाठी हे लेखन होते, त्यांच्यातील बहुतेक जणींना ते वाचता येत नव्हते. ज्यांना येत होते, त्यांच्या घरात असे मुखपृष्ठ असलेला अंक उघडपणे ठेवणे कठीण होते.

‘समाजस्वास्थ्य’मधील पत्रव्यवहाराचा अभ्यास केलेल्या इतिहासकारांनीही प्रश्न विचारणारे मुख्यतः मध्यमवर्गीय पुरुष होते, याकडे लक्ष वेधले आहे. बायकोच्या आरोग्याची माहितीही बऱ्याचदा नवऱ्यामार्फतच घरात जात होती. यात कर्वे यांच्या कामाची मर्यादा दिसते. पण त्यातून एक गोष्टही शिकता येते. स्त्रीच्या आरोग्याचे अनेक निर्णय पुरुष घेत असतील, तर पुरुषाचे अज्ञान कमी करणे हाही स्त्री-आरोग्याचाच भाग आहे.

याच काळात परिस्थिती हळूहळू हलू लागली होती. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी संततिनियमन केंद्रे उघडण्याचा निर्णय घेतला. अखिल भारतीय महिला परिषदेने १९३० च्या दशकात संततिनियमनाला पाठिंबा दिला. मुंबईत डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९३४ मध्ये या विषयावर इंग्रजी नियतकालिक सुरू केले. पण हे बहुतांशी इंग्रजी जाणणाऱ्यांचे वर्तुळ होते. सामान्य वाचकाला त्याच्या भाषेत, महिन्याच्या महिन्याला उत्तर देण्याचे काम कर्वे करत होते.

शेवटची वर्षे कशी गेली?

दंड झाले, पैशांची चणचण राहिली, तरी मासिक बंद पडले नाही. १९२७ पासून सलग २६ वर्षे ते निघत राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागद मिळणे कठीण झाले होते, त्यातूनही अंक निघाले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय पातळीवर कुटुंब नियोजन कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा भारत हा जगातील पहिला देश मानला जातो. त्याच वर्षी मुंबईत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. ज्या शहरात कर्वे यांना दंड झाला, त्याच शहरात १८ वर्षांनी त्याच विषयावर जगभरातील प्रतिनिधी उघड चर्चा करत होते.

पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, र. धों. कर्वे यांचे निधन झाले. त्यांच्याबरोबर मासिकही थांबले. महर्षी कर्वे तेव्हा हयात होते. ‘भारतरत्न’ त्यांना पाच वर्षांनी, १९५८ मध्ये मिळाले.

नंतरच्या काळात य. दि. फडके यांनी र. धों. कर्वे यांचे चरित्र लिहिले, तर अनंत देशमुख यांनी त्यांचे लेखन संपादित करून पुन्हा वाचकांसमोर आणले. अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट २००१ मध्ये आला. अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकाने हे खटले नव्या पिढीसमोर रंगमंचावर उभे केले.

आज त्यांचे काम जुने झाले आहे का?

काही बाबतीत नक्कीच. साधने बदलली, बाळंतपण रुग्णालयात होऊ लागले. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण ९७ होते, तर महाराष्ट्रात ३३.

पण दोन गोष्टी विचार करायला लावतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्त्री नसबंदीचा मार्ग स्वीकारला होता. पुरुष नसबंदीचे प्रमाण मात्र अवघे ०.३ टक्के होते. पुरुषांची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी आणि कमी जोखमीची असूनही हे चित्र आहे. पुरुषत्व जाईल, अशक्तपणा येईल, या त्यामागच्या भीतीशी कर्वे शंभर वर्षांपूर्वी लढत होते.

दुसरी गोष्ट शाळेतील. लैंगिक आरोग्याच्या शिक्षणाला २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मोठा विरोध झाला आणि अभ्यासक्रम रोखला गेला. मुलांना हे सांगायचे का, कोणत्या वयात आणि कोणत्या शब्दांत, हा वाद अजून मिटलेला नाही. तोपर्यंत मुले-मुली आपली शंका मोबाइलच्या सर्च बॉक्समध्ये टाइप करतात आणि समोर येईल त्यावर विश्वास ठेवतात. त्यात खरी माहिती असते तशीच जुनी भीती नव्या व्हिडीओत घालून विकणारेही असतात.

कर्वे यांच्या वाचकाकडे फोन नव्हता, पण एक सोय होती. त्याने पत्र टाकले की दुसऱ्या बाजूला एक माणूस ते वाचत असे, न हसता, न रागावता, आणि मराठीत सरळ उत्तर छापत असे. त्यासाठी प्रसंगी २०० रुपये दंड भरावा लागला तरीही.